न मोजता दिलेली माफी

एनॉसने मला माफ केलं तेव्हा मी अंड्याचं सँडविच खात होतो.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दुपारी दोनची वेळ. समोर एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. कॉलर नसलेला काळा कोट, मिशी नसलेली दाढी, उजव्या कानावर सुताराची चपटी पेन्सिल आणि हातात कागदात गुंडाळलेला पाव.

"तू सुहास," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात तू माझ्या बायकोला तपासलंस, मिरियमला. शुक्रवारी आम्ही तिला पुरलं. आम्ही तुला माफ केलंय, हे सांगायला आलो."

मग त्याने तो पाव माझ्या ट्रेमध्ये ठेवला. "अजून गरम आहे. लगेच कापू नकोस, चुरा होतो."

मी 'थँक यू' म्हणालो. कुरिअरवाल्याला म्हणतो तसं. तो गेला आणि मी राहिलेलं सँडविच संपवलं.

ही दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरातली गोष्ट. गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आयर्लंडच्या मधल्या भागातलं ते एक साधं गाव होतं. बायको आणि मुलगी डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला, कारण बायकोची आयटीतली नोकरी तिकडे. मी आठवडाभर इकडे भाड्याच्या घरात. एक शनिवार-रविवार घरी, एक इकडेच. मिरजेत शिकलेला, इथे येऊन वर्ष-दीड वर्ष झालेला, चाळिशीला टेकलेला मी एक मध्यम डॉक्टर होतो.

मिरियम पाठीत दुखतंय म्हणून आली होती. डोक्याला पांढरी जाळीची टोपी, पायघोळ फिक्या निळ्या रंगाचा झगा, हात मांडीवर. ईसीजी ठीक, रक्त ठीक. मी तिला वेदनेच्या गोळ्या देऊन तीन तासांत घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात पडली आणि गेली. छातीतली मोठी रक्तवाहिनी आतून फाटत गेली होती. हे अवघड दुखणं आहे, भल्याभल्यांच्या हातून निसटतं, असं सगळेच म्हणाले. चौकशी झाली, ती दोन पानांत मिटली. मला जे विचारलं ते मी सांगितलं. जे विचारलं नाही ते सांगितलं नाही.

"सुटला बे तू," माझा नागपूरचा सहकारी म्हणाला. "ते लोक कोर्टात जातच नाहीत. धर्मातच नाही त्यांच्या. सुंठेवाचून खोकला गेला."

खोकला गेला हे खरं. पण मला काहीच वाटत नव्हतं. ना सुटका, ना दुःख. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसा मी स्वतःला वाटत होतो. आता उतरेल, मग उतरेल म्हणत साडेतीन वर्षं गेली.

एनॉस मेनोनाइट होता. हा ख्रिस्ती लोकांमधला एक जुना, साधा पंथ. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, कोर्टकचेरी करायची नाही, नटायचं नाही. अमेरिकेतून पंचवीस-एक वर्षांपूर्वी काही कुटुंबं इकडे आली, दोन-चार आयरिश घरं त्यांना येऊन मिळाली, आणि गावाबाहेर नऊ घरांची एक मंडळी झाली. 'मंडळी' हा शब्द मला मिरजेच्या होस्टेलमधल्या ख्रिस्ती मित्रांमुळे ठाऊक. त्या मित्रांची 'उपासना' आणि 'प्रभुभोजन' हे शब्दही मला इथे उपयोगी पडले, फक्त ते बोलायला समोर कुणी नव्हतं. मंडळीत मिस्टर, डॉक्टर, सर असलं काही चालत नसे. सत्तरीच्या माणसालाही नुसतं नावाने हाक मारायची. म्हणून मीही एनॉसला इथे अरे-तुरेच करतोय. त्याला आवडलं असतं.

जानेवारीत तो माझ्या दारात आला.

"तू एकटा राहतोस असं ऐकलं. रविवारी उपासनेला ये, मग जेवायला."

नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. ज्याने माफ केलंय त्याला नाही कसं म्हणायचं? तो जर माझ्या नावाने ओरडला असता, तर मी दार लावून घेतलं असतं.

त्यांचं प्रार्थनाघर म्हणजे दुधाची जुनी बंद पडलेली क्रीमरी. आत पांढऱ्या भिंती, एनॉसनेच केलेले बाक. क्रूस नाही, चित्र नाही, पेटी नाही, पियानो नाही. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. पाहुण्यांना शेवटचा बाक. गाणं सुरू करायचं काम एनॉसचं. तो तिसऱ्या बाकावरून उठायचा, खिशातला सूर लावायचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा, तो सूर हलकेच गुणगुणायचा, आणि हात खाली आला की साठ माणसं चार वेगवेगळ्या सुरांत एकदम गायला लागायची. लहान पोरंसुद्धा. आपल्याकडे आरतीला एकजण पुढे, एकजण मागे, एकाची टाळी तिसरीकडे. इथे एकही माणूस चुकत नव्हता. चांगलं होतं हे मला कळत होतं. पण ऐकू येणं आणि आत जाणं यात फरक आहे. मी बसून होतो.

उपासना संपली की एकमेकांच्या घरी जेवण. पहिल्या रविवारी एनॉसच्या घरी बटाटे, कोंबडी, मक्याचे दाणे, आणि गोडाला फळं भरून भाजलेले तीन प्रकारचे 'पाय'. जेवायच्या आधी सगळे मान खाली घालून गप्प बसायचे, ते एनॉस खुर्ची सरकवेपर्यंत. मिरियमची खुर्ची कुणी काढली नव्हती. तिच्यावर त्यांनी मला बसवलं, कारण तीच तेवढी रिकामी होती. मी बटाटे मागून घेतले. कोंबडी चांगली झालीय म्हणालो. खोटं नव्हतं ते.

एनॉसचा धंदा सुतारकामाचा. बागेतल्या खोल्या, कोंबड्यांची खुराडी, आणि स्वयंपाकघरातली कपाटं, ज्यांना इकडे सगळे 'प्रेस' म्हणतात. त्याला 'साधारण' हा शब्द सहन होत नसे. त्याला कुणी विचारलं, "एनॉस, इथून डब्लिन किती वेळ?" तर तो विचारायचा, "कुठून? गेटपासून की दारापासून?" आयरिश माणसाला असा माणूस म्हणजे छळच. 'इट्स ग्रँड' या एका वाक्यावर ज्या देशाचा गाडा चालतो, तिथे एनॉसला ग्रँड म्हणजे नेमकं किती ते हवं असायचं. "मोजल्याशिवाय कापू नये," असं तो दर दोन दिवसांनी म्हणायचा. पावाला म्हणायचा, कापडाला म्हणायचा, एकदा तर कुणाच्या तरी लग्नाबद्दल म्हणाला.

त्याच्या व्हॅनमधला रेडिओ त्याने काढून टाकला होता, कारण त्यांच्यात रेडिओ चालत नाही. तिथे जे चौकोनी भोक राहिलं त्यात त्याने नीट बसेल असा लाकडी खण केला होता आणि त्यात तो अंडी ठेवायचा. सहा. मंडळीतल्या कुणाचं घर वाटेत लागलं की दोन उतरवायचा. मी एकदा विचारलं, खड्ड्यात फुटत नाहीत? "खणाचं माप अंड्याचं आहे," तो म्हणाला. "फुटायला जागाच नाही."

एकदा त्याच्या वर्कशॉपमधून विजेची करवत चोरीला गेली. गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, चोर आठवड्यात शोधला. गावाच्या कडेला राहणारा एक उडाणटप्पू. गार्ड एनॉसकडे जबानी घ्यायला आला, तर एनॉस म्हणाला, मला कुणावर खटला करायचा नाही. गार्ड वैतागला. "एनॉस, त्याने तुझी करवत नेली. तू निदान लिहून तरी दे." एनॉसने विचारलं, "त्याने करवतीचं झाकण नेलंय का?" झाकण वर्कशॉपमध्येच राहिलं होतं. एनॉस ते झाकण घेऊन व्हॅनमधून त्या चोराच्या घरी गेला. दार उघडल्यावर म्हणाला, "तू माझी करवत नेलीस. बावीसशे वॅटची आहे. पातं नवीन आहे. हे झाकण लावल्याशिवाय चालवू नकोस, अंगठा जाईल." आणि परत आला. करवत परत मागितली नाही. हे मला त्या गार्डनेच हॉस्पिटलात सांगितलं, हसून हसून. "युवर मॅन एनॉस," तो म्हणाला, "ही इज समथिंग एल्स."

करवत परत आली का? नाही आली. अशा गोष्टींचा शेवट गोड होतो असं नाही.

पण मला त्यातली एक गोष्ट नंतर कळली. एनॉसने चोराला माफ केलं तेव्हा त्याला नेमकं ठाऊक होतं की काय गेलंय. किती वॅटची, कोणतं पातं.

माझ्या भाड्याच्या घरातल्या एका प्रेसचं दार निखळलं होतं. ते बसवायला एनॉस आला. त्या प्रेसमध्ये मी देव ठेवले होते. आईने दिलेला पितळी गणपती, एक निरांजन, हळदीकुंकवाची कोयरी. हे सांगायचं मी विसरलो, आणि तो दार उघडून उभा राहिला. मूर्तिपूजा म्हणजे त्यांच्यात महापाप. मला वाटलं, आता हा स्क्रू-ड्रायव्हर ठेवून निघून जाणार. त्याने बराच वेळ गणपतीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "याला तू हलवशील की मी हलवू? भुसा पडेल त्याच्या अंगावर."

मी हलवला. त्याने दार बसवलं, तीनदा उघडझाप करून पाहिलं, आणि आतली फळी ओल्या फडक्याने पुसली. मग म्हणाला, "आता ठेव."

सगळं असं चाललं होतं. मी महिन्यातून दोन रविवार तिथे जायचो. बायको विचारायची, "तुला त्या लोकांत काय मिळतं रे?" मी म्हणायचो, जेवण चांगलं असतं. माझी मुलगी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, आर यू लाइक कन्व्हर्टिंग?" मी म्हणायचो, नाही गं. खरं कारण मलाही सांगता आलं नसतं.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्यांचं प्रभुभोजन असतं. भाकर मोडून देतात, द्राक्षरसाचा एक प्याला सगळ्यांत फिरतो, आणि शेवटी एकमेकांचे पाय धुतात. जोडीजोडीने. घमेल्यात कोमट पाणी, पंचा, एकाने खाली बसायचं आणि दुसऱ्याचे पाय धुवायचे, मग उलट. पण त्याच्या आठवडाभर आधी सभा असते आणि तीच त्यांच्यात अवघड. प्रत्येक सभासदाने उभं राहून सांगायचं की देवाशी आणि सर्व माणसांशी माझी शांती आहे. कुणाबद्दल मनात काही असेल तर आधी जाऊन ते मिटवायचं, मगच भाकरीला हात लावायचा. आणि खोटं बोलायचं नाही. आपल्याकडे दसऱ्याला सोनं वाटतो, संक्रांतीला गोड बोला म्हणतो, आणि ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याशी ते तसंच ठेवून घरी येतो. इथे ती सोय नव्हती.

दोन हजार सतराच्या वसंतातल्या सभेत एनॉस उभा राहिला आणि म्हणाला, "माझी नाही."

मी तिथे नव्हतो. ती सभा फक्त सभासदांची. मला हे त्यांच्या पाळकाने, लेव्हायने सांगितलं. लेव्हाय एनॉसपेक्षा वीस वर्षांनी लहान, मऊ आवाजाचा, गाई पाळणारा माणूस. तो मला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये भेटला आणि टोपी हातात फिरवत राहिला.

"एनॉस म्हणतो, त्याने तुला माफ केलं ते नुसतं तोंडाने. मी त्याला म्हटलं, भाऊ, माफी दिली की दिली. तो म्हणाला, मी कशाला माफ केलं तेच मला माहीत नाही. मी न मोजता कापलं." लेव्हायने टोपी डोक्यावर घातली. "आम्ही प्रभुभोजन महिनाभर पुढे ढकललंय. त्याच्यासाठी."

"मी काय करू?" मी विचारलं.

"तू आमच्यातला नाहीस," तो म्हणाला. "मी तुला काही कर म्हणू शकत नाही."

म्हणजे प्रश्न असा होता. ज्या बाकावर पंचवीस वर्षं बसला, ज्या मंडळीचं गाणं तो सुरू करायचा, त्या मंडळीच्या ताटात एनॉसला हात घालता येत नव्हता. आणि ते अडलं होतं माझ्यापाशी. मला जे कुणी विचारलं नव्हतं, ते आता विचारलं जाणार होतं.

शनिवारी दुपारी मी स्वतःच त्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तो एका फळीला रंधा मारत होता.

"त्या दिवशी काय झालं ते सांग," तो म्हणाला. रंधा थांबवला नाही.

मी सांगितलं. "मिरियम आली तेव्हा आधी नर्सने तिला विचारलं. मिरियमने तिला सांगितलं की पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं. नर्सने ते कागदावर लिहिलं. तो शब्द ऐकला की आम्ही सगळं सोडून स्कॅन करतो. तेवढ्यासाठीच तो कागद असतो. मी तो वाचला नाही. खोलीबाहेर बारा माणसं ताटकळत होती. मी थेट तिला विचारलं, दहापैकी किती दुखतंय. ती म्हणाली, तीन."

रंधा थांबला.

"पाच मुलं झाली तिला," एनॉस म्हणाला. "प्रत्येक वेळी विचारलं असतंस तर तीनच म्हणाली असती. कुरकुर करू नये असं आम्ही मुलींना शिकवतो." मग म्हणाला, "कागद वाचला असतास तर?"

"स्कॅन केला असता. डब्लिनला पाठवलं असतं. ऑपरेशन झालं असतं."

"मग वाचली असती?"

"बरीच शक्यता होती."

"बरीच हे माप नाही."

मी म्हणालो, "मला वाटतं, ती वाचली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद मी वाचला, तेव्हापासून मला असंच वाटतं. चौकशीत मला त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

एनॉसने फळीवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा उलट. त्याचे डोळे कोरडे होते, माझेही.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "आता जा. तुझ्याकडे बघवत नाही मला."

मी गेलो. सोमवारी हॉस्पिटललाही सगळं लिहून दिलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की आपल्या निवेदनाची नोंद घेतली आहे. नोंद घेतली, एवढंच.

मला वाटलं, हा विषय इथे संपला. आता त्या क्रीमरीत पाऊल टाकायचं नाही. पण त्या शनिवारनंतर दहा दिवसांनी एनॉसचा फोन आला.

"रविवारी येणार ना?"

"मी यावं असं वाटतं तुला?"

"नाही," तो म्हणाला. "पण ये."

मी गेलो. एनॉसने लेव्हायला सांगितलं होतं, "माझ्यासाठी थांबू नका, प्रभुभोजन करून घ्या." आणि त्या रविवारी एनॉस तिसऱ्या बाकावर गेला नाही. गाणं दुसऱ्या कुणीतरी सुरू केलं, जरा वरच्या सुरात. एनॉस पाहुण्यांच्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसला. भाकर घेणारे पुढे, न घेणारे मागे. न घेणारे आम्ही दोघेच होतो.

लेव्हाय भाकर घेऊन बाकामागून बाक येत गेला. आमच्या पुढच्या बाकापर्यंत आला आणि वळला. मग पुढे घमेली ठेवली गेली. पाणी ओतल्याचा आवाज, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे वाजल्याचे आवाज. एनॉस समोर बघत होता.

"आज नाही," तो मला म्हणाला. हळू आवाजात, माहिती दिल्यासारखं.

एरवीच्या रविवारी तो आपल्या जागेवर बसायचा, सूर द्यायचा, माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा. माझ्या पुढ्यात बटाट्यांचं भांडं सरकवायचा. माफ केलेल्या माणसाशी वागतात तसंच वागायचा. पण प्रभुभोजन आलं की ती माफी त्याच्या मोजपट्टीत बसत नसे. शरदात पुन्हा माझ्या शेजारी. "आज नाही." अठराच्या वसंतात पुन्हा. त्या वेळी म्हणाला, "सकाळी वाटलं होतं होईल. मग दारात तुझे बूट दिसले." मी पायांकडे पाहिलं. हॉस्पिटलात घालायचेच बूट होते ते. त्याने कधी ते पाहिले असतील? कँटीनमध्ये, बहुतेक.

मंडळीतली माणसं त्याला काही म्हणत नसत, पण त्यांना ते लागत होतं. माफी हा त्यांच्यातला पहिला धडा. पोरं भांडली तरी संध्याकाळच्या आत 'माफ केलं' म्हणवून घेतात. आणि एनॉससारखा माणूस दोनदा नाही, तीनदा मागच्या बाकावर. एका म्हातारीने मला विचारलंही, "तू येणं थांबवलंस तर त्याला सोपं जाईल का?" मी एनॉसला तसं विचारलं. "सोपं जाईल," तो म्हणाला. "पण मग मी कुणाला माफ केलं? हवेला?"

अठराच्या उन्हाळ्यात आई आली होती, ती शरदापर्यंत राहिली. कोल्हापूरकडची, गुडघ्यांची पीडा, पण भटकायची हौस दांडगी. तिला मी एका रविवारी घेऊन गेलो, आणि नेमका तो प्रभुभोजनाचा रविवार निघाला. आई बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसली, पदर घेऊन, अगदी त्यांच्यातलीच असल्यासारखी. बाहेर आल्यावर खूश होती.

"बायका लई सोज्वळ हायत रं. सगळ्यांनी डुई झाकलेली. आन् पाय बी धुत्यात एकमेकीचं! आपल्यात जावयाचं धुत्यात, हितं समद्यांचं." मग म्हणाली, "पर त्यो उंच म्हातारा तुझ्यापाशी का बसला हुता? त्येचं पाय का धुतलं न्हाईत?"

गाडीत बसल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तीन वर्षांत तिला काही सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिली.

"म्हंजे त्येची बाई तुझ्या हातनं गेली."

"हो."

"आन् तू त्येच्या शेजारी बसून काय करतुयास?"

"काही नाही. बसतो."

"रडलास का कधी तिच्यासाठी?"

मी गिअर बदलला. घरी आल्यावर तिने गणपतीपुढे दिवा लावला आणि माझ्यासाठी पिठलं केलं.

एकोणीसच्या मार्चमध्ये मला डब्लिनला नोकरी मिळाली. जूनमध्ये निघायचं होतं. एनॉसला सांगितलं तेव्हा तो एका खुराड्याला पत्रा ठोकत होता. "बरं," एवढंच म्हणाला, आणि तोंडातला खिळा काढून पुन्हा ठोकायला लागला.

मेमधल्या प्रभुभोजनाला तो नेहमीसारखाच माझ्या शेजारी येऊन बसला. त्या वर्षात तो खांद्यातून वाकला होता. सभेत काय म्हणाला ते मी लेव्हायला विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं. गाणं झालं. वचन वाचलं. लेव्हाय भाकर घेऊन निघाला. पहिला बाक, दुसरा, तिसरा. प्रत्येकजण उभा राहायचा, तुकडा घ्यायचा, बसायचा. आमच्या पुढच्या बाकापर्यंत आला आणि वळायला लागला.

एनॉस उभा राहिला.

बाकाला हात लावून, हळू, दोन वेळा प्रयत्न करून. लेव्हाय थांबला. मग शेवटच्या बाकापर्यंत आला. पाहुण्यांच्या बाकापर्यंत भाकर आलेली मी कधी पाहिली नव्हती. एनॉसने तळहात पुढे केला, तुकडा घेतला. माझ्या डोळ्यांपासून तो हात वीतभरावर होता. कडेला कापल्याची जुनी खूण, नखात लाकडाचा भुसा. त्याने भाकर खाल्ली. सावकाश, चावून. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी वाट बघत होतो. तो काहीतरी म्हणेल असं वाटलं. पहिल्या वेळी चार दिवसांत माफ केलं होतं आणि कँटीनपर्यंत येऊन सांगितलं होतं. या वेळी दोन वर्षं लागली आणि तो काहीच बोलला नाही. सांगायची गरज त्याला वाटली नसावी. किंवा ते त्याचं आणि मिरियमचं असेल, माझं नसेल.

मग तो खाली वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, आणि अनवाणी पुढे चालत गेला. लेव्हायने त्याचे पाय धुतले, त्याने लेव्हायचे. दोघांनी एकमेकांच्या गालाला गाल लावला. मग एनॉस आपल्या तिसऱ्या बाकाशी गेला आणि बसला. बाजूच्या माणसाने सरकून त्याला जागा दिली. पुस्तक हातात दिलं. तो उठला, चिमटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, आणि त्याचा हात खाली आला.

साठ माणसं गायला लागली. मला बरं वाटायला हवं होतं. मी हेच तर मागत आलो होतो. पण मला वाटलं, हा मला सोडून गेला. दोन वर्षं जे ओझं आम्ही एका बाकावर बसून धरलं होतं, त्याचं त्याच्या बाजूचं टोक त्याने खाली ठेवलं होतं, आणि सगळं माझ्या हातात आलं होतं.

तेव्हा मला मिरियम दिसली. निळा झगा, मांडीवरचे हात. दहापैकी किती, असं मी विचारतोय, आणि ती मला त्रास होऊ नये म्हणून जरा विचार करून 'तीन' म्हणतेय. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मला तिच्यासाठी रडू आलं. मोठ्याने, लाज सोडून. गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि शेजारी कुणी नव्हतं.